मेणाचा पाय : पत्रादेवी ते सांकवाळ

शनिवार, ३० नोव्हेंबर २०२४

गोव्याच्या सीमेवरच्या पत्रादेवीला पहाटे साडेपाचला उतरलो. हुतात्मा स्मारकाजवळ एक चहावाला नुकताच स्टोव्ह पेटवत होता आणि मावशीचा जथा अजून बांद्यातून निघायचाच होता. तासभर थंडीत बसून दोन चहा झाले. मग लांबून माईकवरची जपमाळ ऐकू आली, मागोमाग एक छोटा टेम्पो दिसला. त्यात पाण्याचे जार, गुंडाळलेल्या चटया आणि झेंडूच्या माळांत बुडालेली सायबाची, म्हणजे संत फ्रान्सिस झेवियरची, मूर्ती. टेम्पोमागे चाळीसेक माणसं, आणि त्यांच्यात पांढऱ्या कॅनव्हासच्या बुटातली मावशी.

मावशी म्हणजे बायकोची मावशी. माहेर वसईचं, सासर सावंतवाडीचं. वय सदुसष्ट, गुडघे त्याहून जुने. सायबाच्या ३ डिसेंबरच्या फेस्ताला (सणाला) ती सावंतवाडीहून जुन्या गोव्याला चालत जाते, न चुकता. यंदा तर त्याच्या देहाचं दहा वर्षांनी येणारं शवप्रदर्शन. हा शब्द माझ्या तोंडून निघताच ती रस्त्यात थांबली.

‘‘शव काय म्हणतोस रे? शव शवागारात असतं. पवित्र अवशेष म्हण.’’

पेपरवाले शवप्रदर्शनच लिहितात, असं मी म्हटलं. ‘‘पेपरवाले चालतायत का आपल्यासोबत?’’ विषय संपला.

माझी बाजूही सांगून टाकतो. मी नगरचा, प्रॉटेस्टंट. आजोबा पाळक होते. आमच्या देवळात (हो, आमच्याकडे म्हातारी माणसं चर्चला देऊळच म्हणत) मूर्ती नाही, मेणबत्ती नाही, क्रुसावर ख्रिस्तही नाही, क्रूस रिकामा. सप्टेंबरात हरेगावच्या मतमाउलीच्या यात्रेला एसट्या भरभरून जायच्या, तेव्हा आजोबा आम्हा पोरांना घरात बसवून शास्त्रपाठ घ्यायचे. पाठ ठरलेला : हिज्कीया राजाने मोशेचा पितळी सर्प फोडला तो अध्याय. सर्प देवाच्याच आज्ञेने केलेला होता, पण लोक त्याच्यापुढे धूप जाळू लागले म्हणून फोडला. यात्रेतले पेढे मात्र शेजारच्या कॅथलिक बाईंकडून यायचे आणि आजोबा ते खायचे.

या वेळी बायकोला रजा मिळाली नाही. मावशीबरोबर कुणीतरी हवं होतं. शिवाय वाद घालायची खाज मला होतीच, ती लपवत नाही.

पेडणे, धारगळ, कोलवाळचा पूल. पंचवीसेक किलोमीटर हायवेची कड धरून चाललो, ट्रकचा धूर खात. धारगळला एका घरासमोर ताक मिळालं, देणाऱ्या बाईच्या दारात तुळस होती. कोलवाळच्या पुलावर डाव्या टाचेला फोड आल्याचं कळलं. नवे बूट घालून यात्रेला निघणारा मी काही पहिला मूर्ख नसेन.

म्हापशात मुक्काम कॉलेजातल्या मित्राकडे. हिंदू घर, तीन पिढ्यांचं मराठी वाचन. त्याच्या आईने माझ्या टाचेला हळद-तेल लावता लावता सांगितलं की हा झाला तेव्हा तिने बोडगेश्वरालाही नवस केला होता आणि सायबालाही. ‘‘कुणी ऐकलं कुणाला ठाऊक? दोघांचंही फेडलं.’’ मित्र स्वयंपाकघरातून ओरडला, ‘‘आई, त्याच सायबाने गोव्यात इन्क्विझिशन आणा म्हणून पोर्तुगालच्या राजाला पत्र लिहिलं होतं.’’ खरं आहे ते. पत्र १५४६ चं, झेवियर वारला १५५२ मध्ये आणि इन्क्विझिशन, म्हणजे धर्मापासून ढळणाऱ्यांवर खटले चालवणारं चर्चचं न्यायालय, आलं १५६० मध्ये. आईने हळदीचा हात पुसला आणि म्हणाली, ‘‘ठाऊक आहे मला. म्हणून नवस फेडायचा नव्हता काय?’’

मावशी यावर काही बोलली नाही. रात्री उशिरापर्यंत तिच्या मण्यांचा आवाज येत होता.

रविवार, १ डिसेंबर

आज आगमनकाळाचा पहिला रविवार. हा आम्हीही पाळतो, त्यामुळे मावशीसोबत सकाळच्या मिस्सेला गेलो. म्हापशातल्या या चर्चमधल्या मिलाग्रीस सायबिणीला (मारियामातेला) हिंदू लोक शिरगावच्या लईराई देवीची बहीण मानतात, दोघींचं एकमेकींकडे तेल-फुलांचं देणंघेणं चालतं. पण चर्च वाहिलेलं आहे ते संत जेरोमला, आणि हे वाचून मला हसू आलं.

कारण अवशेषांवरचं ख्रिस्ती लोकांमधलं भांडण प्रॉटेस्टंट बंड सुरू करणाऱ्या लूथरच्याही अकराशे वर्षं आधीचं आहे आणि त्यातला एक पैलवान हा जेरोमच. गॉल देशात (आजच्या फ्रान्सकडे) विजिलांशियस नावाचा एक धर्मगुरू होता. कापडात गुंडाळलेल्या चिमूटभर राखेला मुके कसले घेता, भरदुपारी मेणबत्त्या कसल्या लावता, असं तो विचारत होता. इसवी सन ४०६ च्या सुमारास जेरोमने बेथलेहेमात बसून एका रात्रीत त्याच्यावर आख्खं पुस्तक सांगून उतरवून घेतलं. त्यात मुद्दे आहेत आणि शिव्याही भरपूर आहेत. विजिलांशियसचं स्वतःचं लिखाण उरलंच नाही, त्याचं म्हणणं आपल्याला कळतं ते जेरोमने खोडण्यासाठी दिलेल्या उताऱ्यांतून. गंमत अशी की याच जेरोमने एका पत्रात लिहून ठेवलंय, स्वर्गाचं दार जेरुसलेमहून जितकं उघडं आहे तितकंच ब्रिटनहूनही.

गिरीपर्यंत हे सगळं मी मावशीला ऐकवलं. ती ऐकत होती, मधे मधे टेम्पोतल्या गाण्याला साथही देत होती.

‘‘तुझ्या शास्त्रात अलीशाची हाडं नाहीत?’’ तिने विचारलं.

आहेत. बायबलातल्या ‘दुसरे राजे’ या पुस्तकाच्या तेराव्या अध्यायात एक प्रेत घाईघाईत अलीशा संदेष्ट्याच्या कबरीत टाकतात, ते त्याच्या हाडांना लागतं आणि मेलेला माणूस उठून उभा राहतो. आणि प्रेषितांच्या कृत्यांत पौलाच्या अंगाला लागलेले रुमाल आजाऱ्यांवर घालतात, तेही आहे. आजोबा हे अध्याय वाचून दाखवत, त्यावर प्रवचन मात्र कधी करत नसत.

‘‘पण अलीशाची हाडं बाहेर काढून कुणी काचेत ठेवली नाहीत,’’ मी म्हटलं.

‘‘तुमच्या नगरावरून वाऱ्या जातात ना? पालखीत काय असतं?’’

‘‘पादुका.’’

‘‘पादुका चालतात तुला, पाय चालत नाहीत?’’

पादुका मला चालतात असं मी कुठे म्हटलं होतं? पण तोवर मागच्या रांगेतल्या दोघी हसायला लागल्या होत्या आणि हसू झाल्यावर मुद्दा जिंकता येत नाही. खरं तर नगरकडच्या आम्हा लोकांची गोची तिथेच आहे. नारायण वामन टिळकांनी कीर्तन आणि अभंग आमच्या देवळात आणले. टाळ आले, ओवी आली, वारी तेवढी दाराबाहेर राहिली.

पर्वरीच्या उतारावर मी तिला दुसरी गोष्ट सांगितली, ती तिला आवडली. झेवियर १५२५ मध्ये पॅरिसला शिकायला आला. त्याच दशकात, त्याच वस्तीत, शेजारच्याच कॉलेजात एक किडकिडीत पोरगा शिकत होता, पुढे प्रॉटेस्टंटांचा मोठा पुढारी झालेला जॉन कॅल्व्हिन. एक १५४२ च्या मे महिन्यात गोव्याला उतरला. दुसऱ्याने १५४३ मध्ये युरोपभरच्या अवशेषांची यादी करून त्यांची टर उडवणारं पुस्तक काढलं. ख्रिस्ताच्या क्रुसाचे म्हणून दाखवतात ते सगळे तुकडे गोळा केले तर गलबत भरेल, हे त्याचंच म्हणणं. आपल्या शेजारच्या कॉलेजातल्या मुलाचंही पुढे असंच काही होणार आहे, हे त्याला कुठून ठाऊक असणार?

‘‘ओळख असेल का रे दोघांची?’’ मावशीने विचारलं. मग मांडवीच्या पुलापर्यंत ती त्याच विचारात होती. पणजीत एका शाळेच्या हॉलमध्ये चटया टाकल्या. टाच आता दोन नंबर मोठी झाली होती.

सोमवार, २ डिसेंबर

पणजी ते जुनं गोवं हे अंतर फार नाही, नऊ-दहा किलोमीटर. पण रायबंदरचा जुना बांध हा या वाटेचा सगळ्यात सुंदर तुकडा. १६३० च्या दशकात बांधलेला, दोन्ही बाजूंना पाणी आणि मिठागरांची ओल. मी बूट काढून मावशीच्या पिशवीतल्या सपाता घातल्या. बांधावर कुणी बोलत नव्हतं. जपमाळही थांबली होती, फक्त पावलांचा आवाज. इथे मला पहिल्यांदा वाटलं की हे चालणं मला पटतंय. कुणापाशी पोचायचंय म्हणून नव्हे, चाळीस माणसांचा श्वास एका चालीत आला की आपला हेका थोडा सैल होतो म्हणून.

साडेदहाला रांगेत लागलो. अवशेष २१ नोव्हेंबरला बॉम जीझस बासिलिकेतून समोरच्या से कॅथेड्रलमध्ये आणले आहेत, ५ जानेवारीपर्यंत तिथेच. मांडव, लोखंडी कठडे, पाण्याचे स्टॉल, पिवळ्या टोप्यांतली स्वयंसेवक पोरं. रांगेत माझ्या पुढे बेळगावचं एक मराठी कुटुंब, मागे नव्याने लग्न झालेलं हिंदू जोडपं. दोन तास चाळीस मिनिटं लागली. तेवढ्या वेळात माणूस बराच विचार करतो, म्हणून इथे थोडं थांबतो.

झेवियर चीनच्या किनाऱ्याजवळच्या बेटावर वारला तेव्हा त्याच्या पेटीत चुना भरला होता. मांस लवकर झडावं आणि हाडं नेता यावीत म्हणून. पुढच्या वर्षी पेटी उघडली तर देह जसाच्या तसा. मग मलाक्का, आणि १५५४ च्या मार्चमध्ये गोवा. त्याच वर्षी दर्शनाला आलेल्या एका पोर्तुगीज बाईने पायाचं बोट चावून तोडून नेल्याची आख्यायिका आहे. १६१४ मध्ये रोमहून हुकूम आला आणि उजवा हात कापला गेला. कोपरापासून खालचा रोमला, वरच्या भागाचे तुकडे कोचीन, मलाक्का, मकावला. याच हाताने हजारोंना बाप्तिस्मा दिला होता, म्हणून मागणी त्या हाताला. २०१८ मध्ये तो हात विमानाने कॅनडाभर फिरून आला, स्वतःच्या वेगळ्या सीटवर.

आणि हे जाहीर प्रदर्शन सुरू झालं कशाने? भक्तीने नव्हे, अफवेने. १७५९ मध्ये पोर्तुगालने जेझुइटांना, म्हणजे झेवियरच्याच संघातल्या पाद्र्यांना, हाकललं, तेव्हा जाताना त्यांनी खरा देह नेला, मागे भलताच ठेवला अशी कुजबुज उठली. ती मोडायला १७८२ च्या फेब्रुवारीत देह लोकांपुढे मांडला. यंदाच्या ऑक्टोबरातही देहाची डीएनए चाचणी करा अशी मागणी झाली आणि मडगावात लोक रस्त्यावर उतरले. अडीचशे वर्षांत प्रश्न तोच : खरा आहे का? माझी खरी अडचण इथे आहे. मूर्तिपूजा वगैरे नंतरची गोष्ट. हाड हातात आलं की लगेच पुरावा मागितला जातो, पुरावा आला की ताबा कुणाचा हे येतं, ताबा आला की करवत येते. श्रद्धेच्या नावाखाली हे सगळं त्या एका देहाने सोसलं.

हे मी मावशीला म्हणालो. रांग तेव्हा कॅथेड्रलच्या पडक्या बुरुजाच्या बाजूने वळत होती. दोन बुरुजांपैकी एक १७७६ मध्ये पडला, पुन्हा बांधलाच नाही.

‘‘करवत चुकलीच,’’ ती म्हणाली. मला हे अपेक्षित नव्हतं. ‘‘पण मी करवतीला भेटायला नाही आले.’’

मग तिने मला कॅटेकिझमच्या (धर्मशिक्षणाच्या) वर्गातलं सांगितलं, बोटांवर मोजत : आराधना फक्त देवाची, संतांचा सन्मान. मुळात हा भेद ७८७ सालच्या निकायाच्या परिषदेने आखून दिलेला. लूथर-कॅल्व्हिनच्या टीकेनंतर ट्रेंटच्या परिषदेने १५६३ मध्ये तो पुन्हा ठासून सांगितला, सोबत अंधश्रद्धा आणि कमाईचे धंदे बंद करा असंही बजावलं. आणि तारीख कुठली, तर ३ डिसेंबर. झेवियरच्या मृत्यूला त्या दिवशी बरोबर अकरा वर्षं झाली होती. अवशेष विकायला कॅथलिक चर्चच्या कायद्यात बंदी आहे. कागदावर हे सगळं चोख आहे, मलाही पटतं. पण रांगेतल्या माणसाच्या मनात आराधना कुठे संपते आणि सन्मान कुठे सुरू होतो, ती रेघ कोण ओढणार? आजोबांची भीती हीच होती, आणि ती खोटी नव्हती.

आत गेलो. काचेच्या पेटीपाशी प्रत्येकाला चार-पाच सेकंद. जरीची वस्त्रं, त्यातून दिसणारा आक्रसलेला, काळपट चेहरा. मी अपेक्षेपेक्षा खूप लहान देह पाहिला, दहा-बारा वर्षांच्या पोराएवढा वाटला. नजर पायांवर गेली. सुकलेल्या आंब्याच्या सालीसारखी कातडी. हा माणूस किती चालला असेल, एवढंच डोक्यात आलं. नमस्कार केला नाही, मानही वाकवली नाही. माझ्या पुढे मावशीने कमरेचा रुमाल काढून पेटीच्या चौथऱ्याला टेकवला, घडी घालून पुन्हा खोचला. स्वयंसेवक ‘‘पुढे, पुढे’’ म्हणाला. बाहेर उन्हात आलो तेव्हा ती रडत होती, आणि मी घड्याळ बघत होतो. खोटं कशाला लिहू.

मंगळवार, ३ डिसेंबर

फेस्त. उघड्यावरची मोठी मिस्सा कोकणीत झाली. निम्मी कळली, निम्मी चालीवर निभावली. गर्दी इतकी की मागच्या लोकांना ख्रिस्तप्रसाद मिळेपर्यंत पुढचे खाजे विकत घेत होते. आल्या-गुळाचे ते खाजे मात्र कुठल्याही संप्रदायाच्या माणसाने खावेत.

बाहेर मेणाच्या अवयवांचे स्टॉल. हात, डोळे, काळीज, घर, बाहुलीएवढी बाळं. ज्याचं दुखणं त्याने तो अवयव वाहायचा. मावशीने स्वतःसाठी गुडघ्यापासूनचा पाय घेतला आणि माझ्या हातात एक लहान पाऊल ठेवलं, पिवळट, तळवा सपाट, बोटांच्या जागी नुसत्या पाच रेघा.

‘‘मी वाहणार नाही, मावशी.’’

‘‘नको वाहूस. धर तरी. माझे हात भरलेत.’’

मेणाच्या ढिगापाशी तिच्यामागे उभा राहिलो. लंगडत आलो होतो, पाऊल हातात होतं, ठेवून टाकलं असतं तर कॅल्व्हिनला कळलं नसतं. तेवढ्यात शेजारच्या एका तरुण बाईने मेणाचं बाळ ठेवलं, आणि ते नीट उताणं आहे ना म्हणून वाकून पुन्हा पाहिलं. मी मागे सरलो. त्या ढिगात माझ्या फोडाला जागा मागायची लाज वाटली.

दुपारी एकटाच टेकडीवर संत ऑगस्टीनच्या पडक्या मठात गेलो. शेहेचाळीस मीटरच्या बुरुजाचा उभा अर्धा तेवढा शिल्लक आहे. जॉर्जियाची राणी केतेवान १६२४ मध्ये इराणात धर्म सोडायला नकार देऊन मारली गेली. ती ऑर्थोडॉक्स पंथाची, पण तिची हाडं कॅथलिक ऑगस्टिनियन पाद्र्यांनी गोव्यात आणून या मठात ठेवली. मठ कोसळला, हाडं मातीत गेली. उत्खननात मिळालेल्या हाडाची हैदराबादच्या प्रयोगशाळेत डीएनए तपासणी झाली आणि २०२१ मध्ये भारताने ते जॉर्जियाला भेट दिलं. म्हणजे इथेही पुरावा आणि ताबा. पण या वेळी करवत नव्हती, हाड घरी गेलं. तिथल्या दगडावर बसून पायाला पट्टी बांधली.

बुधवार, ४ डिसेंबर

जथा टेम्पोतून परत गेला, मावशीही. मित्राच्या गाडीतून मी सांकवाळला निघालो, संत जुझे वाझच्या तीर्थाला. वाटेत कुठ्ठाळी लागते. ‘‘मंगेश मूळचा इथला,’’ मित्र म्हणाला. १५६० मध्ये देव रातोरात नदीपलीकडे नेला, आज मंगेशीला आहे. सांकवाळचा लक्ष्मीनृसिंहही असाच वेलिंगला गेलेला. या पट्ट्यात देवांनाही पळावं लागलं, आणि कुणामुळे ते मित्राने पुन्हा सांगितलं नाही.

जुझे वाझ जन्मला १६५१ मध्ये बाणावलीला. १६८७ मध्ये तो मजुराच्या वेशात श्रीलंकेत शिरला. तिथे कॅथलिक धर्मगुरूंना बंदी होती, आणि बंदी घालणारे डच होते कॅल्व्हिनच्याच पंथाचे, म्हणजे माझ्याच चुलतघराण्यातले. हाडं न पूजणाऱ्या आम्ही जिवंत माणसांची शिकार केली, हेही नोंदवायला हवं. वाझला आसरा दिला तो कँडीच्या बौद्ध राजाने, ज्याच्या राजधानीत बुद्धाचा दात पूजला जातो. अनवाणी, पायी, चोवीस वर्षं तो त्या बेटावर राबला आणि १७११ मध्ये कँडीतच वारला. २०१५ मध्ये पोपने कोलंबोत त्याला संत जाहीर केलं. त्याची हाडं कुठे आहेत हे कुणाला सापडलेलं नाही.

तरी लोक सांकवाळला चालत येतात, जानेवारीतल्या फेस्ताला. आज कुणी नव्हतं. जळालेल्या जुन्या चर्चची नुसती दर्शनी भिंत उभी, मागे झाडं. एक बाई झाडलोट करत होती, तिने प्यायला पाणी दिलं. इथे बघायला काचेत काही नाही, म्हणून मी बराच वेळ बसलो. मावशीला माझा मुद्दा इथे दाखवायला हवा होता.

संध्याकाळी तिचा फोन आला.

‘‘पाऊल ठेवलंस का सायबाकडे?’’

‘‘नाही मावशी. बॅगेतच आहे. उन्हाने वाकलंय थोडं.’’

‘‘फ्रीजमध्ये ठेव. आणि बूट जुने घाल पुढच्या वेळी.’’